१६८ पौंडांचा राजा कोण: कॅल्झागी, फ्रॉच, बेन की युबँक?

वरळीचा_वारा

५ ऑगस्ट २०१७. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली दहा फेऱ्या एकमेकांना बडवत होते, आणि माझ्या शेजारचे एक काका मला विचारत होते, "हे सुपर-मिडल म्हणजे काय रे? एक तर सुपर म्हणा, नाहीतर मिडल म्हणा." मला धड सांगता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो, तो आजतागायत वाचतोच आहे.

काकांसाठी उशिराचं उत्तर. मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, लाइट-हेवीची १७५. मधल्या पंधरा पौंडांच्या खड्ड्यात बरेच जण अडकायचे. उपाशी राहून वजन उतरवायचं, नाहीतर आपल्यापेक्षा दांडग्याचा मार खायचा. १९८४ साली आयबीएफ या बॉक्सिंग संघटनेने १६८ पौंडांचा, म्हणजे साधारण ७६ किलोंचा गट सुरू केला. त्याचा पहिलाच विजेता मरे सदरलँड हा जन्माने स्कॉटिश. बाकीच्या संघटना मागोमाग आल्या आणि नव्वदीपासून पुढे हा गट म्हणजे ब्रिटनची जणू घरची शेतीच झाली.

आपल्या विजेंदरचं गाडंही तिथेच जाऊन थांबतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलोत त्याला कांस्य मिळालं. उपांत्य फेरीत त्याला हरवलं क्यूबाच्या कोरेआने आणि कोरेआला अंतिम फेरीत हरवलं जेम्स डीगेलने. तोच डीगेल २०१५ मध्ये बॉस्टनला आंद्रे डिरेलला हरवून आयबीएफचा सुपर-मिडलवेट विजेता झाला. ऑलिंपिक सुवर्ण आणि व्यावसायिक जगज्जेतेपद अशी दोन्ही मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. विजेंदरने व्यावसायिक कारकीर्द सुरू केली, तीही मँचेस्टरमध्ये तालीम करूनच.

तर ब्रिटनच्या १६८ पौंडवाल्यांची माझी क्रमवारी: फ्रॉच, कॅल्झागी, बेन, युबँक, ग्रोव्हज. फ्रॉच पहिला का, ते कुणी भांडायला आलं की सांगेन.

खासबाग_कट्टा

आलो भांडायला. जो कॅल्झागी: ४६ लढती, ४६ विजय. विषय संपला. धाग्याला कुलूप लावा आन किल्ली पंचगंगेत टाका.

चिंचेचं_बोटूक

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. चालू द्या.

वरळीचा_वारा

@खासबाग_कट्टा, शून्य पराभव हा आकडा दिसायला गोंडस असतो. तो कुणाविरुद्ध मिळवला ते बघा. कॅल्झागीने ऑक्टोबर १९९७ मध्ये डब्ल्यूबीओ या संघटनेचा पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, जिंकला आणि २१ वेळा राखला. त्या २१ मधली किती नावं न बघता सांगाल? रॉबिन रीड, रिची वुडहॉल, बायरन मिचेल, लेसी, बिका, केसलर. अजून? आठवणार नाहीत, कारण बाकीचे बरेच जण पाहुणे म्हणून आले, मार खाल्ला, मानधन घेऊन गेले.

आता फ्रॉच बघा. डिसेंबर २००८ ते मे २०१२, सलग आठ लढती: पास्कल, टेलर, डिरेल, केसलर, अब्राहम, ग्लेन जॉन्सन, आंद्रे वॉर्ड, बुते. मध्ये एकही 'हलकी' लढत नाही. नॉटिंगहॅम, कनेक्टिकट, परत नॉटिंगहॅम, डेन्मार्कमधलं हर्निंग, हेलसिंकी, अटलांटिक सिटीला दोनदा, मग पुन्हा घरी. हरला दोनदा, केसलरकडून आणि वॉर्डकडून. हरून पुन्हा तेवढ्याच तगड्या माणसासमोर उभा राहिला. केसलरचं उट्टं २०१३ मध्ये लंडनला काढलं.

आणि जर्मेन टेलर! एप्रिल २००९. तिसऱ्या फेरीत फ्रॉच आयुष्यात पहिल्यांदा खाली बसला. बारावी फेरी सुरू झाली तेव्हा तीनपैकी दोन पंचांच्या तक्त्यावर तो मागे, इतका मागे की टेलरने नुसतं पळत राहायचं होतं. घड्याळात १४ सेकंद उरले असताना रेफ्रीने लढत थांबवली, कारण टेलरला हात वर करता येत नव्हते. त्या १४ सेकंदांसाठी मी कॅल्झागीचे निम्मे बचाव द्यायला तयार आहे.

खासबाग_कट्टा

तुम्ही द्यायला ते तुमचे हायत का?

चिंचेचं_बोटूक

हहपुवा

न्यूपोर्टकर_वहिनी

गेली सोळा वर्षं वेल्समध्ये राहते. न्यूब्रिज इथून गाडीने जवळच. कॅल्झागी जन्मला लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये, पण वाढला या खाणकामगारांच्या खोऱ्यात. बाप एन्झो सार्डिनियाहून आलेला, बँडमध्ये वाजवणारा. स्वतः कधी रिंगणात उतरला नव्हता. त्याने पोराला घडवलं आणि मग त्याच तालमीतून मॅकारिनेली आणि गॅव्हिन रीस हे आणखी दोन जगज्जेते काढले. मुलाच्या बोटांची हाडं इतकी नाजूक की कायम दुखापती. अंगठ्यापासून कोपरापर्यंत काही ना काही बिनसलेलं असायचं.

वारा, 'पाहुणे' हा मुद्दा निम्मा मान्य. सात-आठ वर्षं मोठी नावं आली नाहीत हे खरं. पण मग ४ मार्च २००६ ला मँचेस्टरमध्ये जेफ लेसी आला. २१ विजय, एकही हार नाही, छोटा टायसन म्हणून अमेरिकेत गाजावाजा. हात दुखतोय म्हणून कॅल्झागी माघार घ्यायच्या विचारात होता, बापाने त्याला रिंगणात ढकलला. त्या रात्री बारा फेऱ्यांत लेसीला एक फेरी धड जिंकता आली नाही. एका पंचाने ११९-१०५ दिले! हे बॉक्सिंगचे गुण आहेत की हदगा-भोंडल्याच्या खिरापतीचे, असं वाटावं इतकी खैरात. लेसी त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखा कधी झालाच नाही.

आणि केसलर. ३ नोव्हेंबर २००७, कार्डिफचं मिलेनियम स्टेडियम, पन्नास हजारांवर माणसं. अमेरिकन टीव्हीच्या सोयीसाठी घंटा वाजली मध्यरात्र उलटून गेल्यावर. केसलरही तोवर अपराजित, दोन पट्ट्यांचा धनी, सरळ रेषेत मारणारा, तब्येतीने भक्कम. पहिल्या चार फेऱ्या बरोबरीच्या, केसलरचे अपरकट, म्हणजे खालून वर येणारे ठोसे, लागत होते. मग कॅल्झागीने अंतर बदललं. लहान लहान, भराभर, कधी उघड्या पंजाचे म्हणून हिणवले जाणारे ठोसे. पण केसलरला आपला ठोसा मारायला पायच रोवता येईना. मी बॉक्सिंगमधली तज्ज्ञ नाही. कथकमध्ये लय चढवताना समोरचा तबलजी गोंधळावा तसं काहीसं दिसत होतं, एवढं सांगते.

याच केसलरने २०१० मध्ये तुमच्या फ्रॉचला हरवलं. हा हिशेब क्रमवारीत कुठे बसवलात?

वरळीचा_वारा

वहिनी, वर्मावर बोट. पण डेन्मार्कमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे, आणि अटीतटीची झाली होती ती लढत.

न्यूपोर्टकर_वहिनी

आणि कार्डिफमध्ये कुणाचे प्रेक्षक होते? घरचं मैदान तुम्हाला चालतं, आम्हाला नाही?

ट्रेंटकाठचा_पांडू

मी २०१० ते २०१४ नॉटिंगहॅमला होतो. बुतेच्या लढतीला अरिनात होतो, २६ मे २०१२. सट्टेवाल्यांचा कौल बुतेकडे होता. अपराजित डावखुरा, आयबीएफचा विजेता. वॉर्डकडून हरून पाचच महिने झालेले, त्यामुळे ऑफिसमधले लोक 'शेवटची लढत' म्हणून तिकिटं काढत होते. तिसऱ्या फेरीपासून बुतेचे पाय जे लडबडले ते पाचव्यात लढत थांबेपर्यंत. आमच्या रांगेतला एक आजोबा, टोपी घातलेला, पूर्ण अनोळखी, मला मिठी मारून रडला. इंग्रज माणूस अनोळखी माणसाला मिठी मारतो याला मी वॉर्डवरच्या विजयाएवढं महत्त्व देतो, जो झाला नाही.

तेव्हा माझं मत फ्रॉच. पण वॉर्डने त्याला जॅबवर शिकवणी दिल्यासारखं खेळवलं हे मान्य. दोन पंचांनी ११५-११३ दिलं, ती कृपा.

खडूस_काका

तुम्ही सगळी मुलं २००० नंतरची. मी १९८८ पासून लंडनमध्ये. शनिवारी रात्री आयटीव्हीवर, फुकट, अख्खा देश बघायचा तो काळ कुणी मोजणार की नाही?

ख्रिस युबँक. एका डोळ्यावर चष्म्याची काच, घोडेस्वाराची तुमान, रिंगणाच्या वरच्या दोरीवरून उडी मारून आत यायचा आणि मग पुतळ्यासारखा उभा. अर्धा देश तो हरावा म्हणून टीव्ही लावायचा. पहिल्या ४३ लढतींत तो हरलाच नाही, दोन बरोबरीत. शेवटी १९९५ मध्ये आयर्लंडच्या मिलस्ट्रीटला स्टीव्ह कॉलिन्सने हरवलं. कॉलिन्सने म्हणे संमोहनतज्ज्ञ आणला होता, आणि युबँक त्यानेच निम्मा गारद झाला.

समोर नायजेल बेन. सैन्यातून आलेला, प्रत्येक ठोसा शेवटचा असल्यासारखा मारणारा. १९९० मध्ये बर्मिंगहॅमला युबँकने त्याला नवव्या फेरीत थांबवलं. मग बेनने इटलीत जाऊन गाल्वानोकडून डब्ल्यूबीसीचा पट्टा आणला आणि ९ ऑक्टोबर १९९३ ला ओल्ड ट्रॅफर्डवर दोघे पुन्हा समोरासमोर. चाळीस हजारांवर माणसं, दोन्ही पट्टे पणाला. निकाल: बरोबरी. एक पंच बेनकडे, एक युबँककडे, एक मध्ये. सहाव्या फेरीत कमरेखाली मारल्याबद्दल बेनचा एक गुण कापला होता. तो कापला नसता तर बेन जिंकला असता. एका गुणाने तीस वर्षांचं भांडण शिल्लक ठेवलं.

माझ्या क्रमवारीत बेन पहिला. कारण देतो उद्या, डोळे दुखतात.

कायदेपंडित_कांदेपोहे

काका, १९९० ची लढत मिडलवेटची, १६० पौंडांची. या धाग्यात ग्राह्य नाही. तशीच १९८९ ची वॉटसनविरुद्धची हारही नाही, म्हणजे बेनचा फायदाच.

शिवाय कुणीतरी कॉलिन्सला यादीत घुसवणार त्याआधीच सांगतो: तो डब्लिनचा, आयरिश. ब्रिटिश नव्हे. हा मुद्दा डब्लिनमध्ये जाऊन मांडू नये.

खासबाग_कट्टा

पण एक इचारतो, कॅल्झागीला कॉलिन्सच भिडायचा हुता न्हवं?

कायदेपंडित_कांदेपोहे

बरोबर. १९९७ मध्ये कॉलिन्सने पट्टा सोडला, ऐनवेळी युबँकला बोलावलं. शेफिल्डला पहिल्याच फेरीत कॅल्झागीने त्याला पाडलं, आणि तरी युबँक बारा फेऱ्या उभा राहिला. कॅल्झागीने नंतर ती आपल्या सर्वांत कठीण लढतींपैकी एक मानली. आणखी एक धागा: २००८ मध्ये वर सरकताना कॅल्झागीने डब्ल्यूबीसीचा जो पट्टा सोडला, तोच रिकामा पट्टा पास्कलला हरवून फ्रॉचने घेतला. म्हणजे युबँक, कॅल्झागी, फ्रॉच ही वाटणी एकाच सातबाऱ्यावरची.

चिंचेचं_बोटूक

मग कॅल्झागी-फ्रॉच लढत का नाही झाली? भावकीतली ना?

वरळीचा_वारा

फ्रॉच ओरडत होता. कॅल्झागी तोवर अमेरिकेला निघालेला: एप्रिल २००८ ला हॉपकिन्स, नोव्हेंबरला रॉय जोन्स. दोन्ही लढती लाइट-हेवीच्या, दोन्हींत पहिल्या फेरीत स्वतः खाली पडला आणि उठून जिंकला. पण हॉपकिन्स तेव्हा ४३ वर्षांचा आणि जोन्स ३९ चा. फेब्रुवारी २००९ मध्ये निवृत्त. त्याच वर्षी सुपर सिक्स, म्हणजे १६८ पौंडांच्या सहा तगड्यांची स्पर्धा, सुरू झाली. वेळ साधणं म्हणतात याला.

न्यूपोर्टकर_वहिनी

छत्तीस वर्षांच्या, मोडक्या हातांच्या माणसाने एकतीस वर्षांच्या भुकेल्या मुलाला नको म्हटलं. मला त्यात शहाणपण दिसतं.

खडूस_काका

हं, उद्या झाला. बेन पहिला का?

२५ फेब्रुवारी १९९५, लंडन अरिना. जेराल्ड मॅक्लेलन, मिडलवेटमधून वर आलेला अमेरिकन, ३१ विजयांपैकी २९ वेळा समोरच्याला झोपवलेलं. पहिल्या फेरीत त्याने बेनला दोरांतून बाहेर फेकला. बेन परत आत आला. कसा, ते आजही कळत नाही. आठव्यात पुन्हा खाली. पुन्हा उठला. दहाव्या फेरीत मॅक्लेलन आपणहून गुडघ्यावर बसला, डोळे मिचकावत, आणि दहा आकडे संपू दिले. आम्ही घरात नाचत होतो. दिवाणखान्यात चहाचे कप सांडले. मग कॅमेरा कोपऱ्याकडे गेला, मॅक्लेलन रिंगणाच्या जमिनीवर आडवा झालेला. आमचा नाच थांबला. तो वाचला, पण दृष्टी गेली, जवळजवळ सगळी श्रवणशक्ती गेली.

मी त्या लढतीला सर्वांत मोठी म्हणतो आणि १९९५ नंतर ती एकदाही पुन्हा पाहिलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या.

भूल_चूक

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. मी भुलतज्ज्ञ आहे.

वर एक नाव नुसतं ओझरतं घेतलं गेलं ते बघून राहवलं नाही: मायकेल वॉटसन. २१ सप्टेंबर १९९१, व्हाइट हार्ट लेन, रिकाम्या डब्ल्यूबीओ सुपर-मिडल पट्ट्यासाठी युबँकविरुद्ध. अकराव्या फेरीत वॉटसनने युबँकला पाडलं. उठता उठता युबँकने एकच अपरकट मारला. वॉटसन मागे पडला, मानेचा मागचा भाग दोरावर आदळला. बाराव्यात लढत थांबली.

यापुढची मिनिटं माझ्या पेशातली. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये शीर फाटून रक्त साचतं. कवटी पसरत नाही, त्यामुळे दाब मेंदूवर. तासाभरात दाब काढला तर माणूस बराच परत मिळतो. रिंगणाशेजारी प्राणवायू देण्याची आणि श्वासनळीत नळी घालण्याची तयारी हवी, ती नव्हती. आधी जवळच्या इस्पितळात नेलं, तिथे मेंदूशस्त्रक्रियेची सोय नव्हती. मग सेंट बार्थोलोम्यूमध्ये. चाळीस दिवस बेशुद्ध, सहा शस्त्रक्रिया, सर्जन पीटर हॅम्लिन. वॉटसनने ब्रिटिश बॉक्सिंग मंडळावर दावा लावला. १९९९ मध्ये जिंकला, २००० मध्ये अपील न्यायालयात तो निकाल टिकला. आज ब्रिटनमध्ये रिंगणाशेजारी जी वैद्यकीय तयारी दिसते, तिच्यामागे हा दावा आहे.

२००३ मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालून पूर्ण केली. शेवटच्या टप्प्यात एका बाजूला हॅम्लिन होता, दुसऱ्या बाजूला युबँक.

युबँकच्या पुढच्या लढती गुणांवरच्या का, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यानंतर समोरचा डगमगला की तो थांबायचा, असं बरेच जाणकार म्हणतात. मला ते पडद्यावर दिसतं.

खासबाग_कट्टा

आता काय बोलायचं.

वरळीचा_वारा

धन्यवाद डॉक्टर. हे मूळ लेखात यायला हवं होतं, चूक माझी.

कायदेपंडित_कांदेपोहे

जाता जाता: एप्रिल २०२५ मध्ये युबँकचा मुलगा आणि बेनचा मुलगा टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममध्ये भिडले. धाकटा युबँक जिंकला. ते स्टेडियम जुन्या व्हाइट हार्ट लेनच्या जागेवरच आहे. नोव्हेंबरमध्ये परतीची लढत कॉनर बेनने घेतली. पण मिडलवेट, त्यामुळे ग्राह्य नाही.

ठोसेबाज_मिनू

एकवीस प्रतिसाद झाले, एकाही बाई बॉक्सरचं नाव नाही. वाटच बघत होते कधी सुचतंय.

सव्हाना मार्शल, हार्टलपूलची. १ जुलै २०२३, मँचेस्टर. अमेरिकेच्या फ्रँचॉन क्रूझ-डेझर्नला हरवून सुपर-मिडलवेटचे चारही मोठ्या संघटनांचे पट्टे एकदम. तुमच्या कॅल्झागीकडे चारही एका वेळी कधीच नव्हते. केसलरला हरवलं तेव्हा आयबीएफचा आधीच सोडलेला होता. फ्रॉचकडे नव्हते. पुरुषांत हे पहिल्यांदा जमलं मेक्सिकोच्या कॅनेलोला, २०२१ मध्ये. ब्रिटिश पुरुष? शून्य.

शिवाय अमेरिकेच्या क्लॅरेसा शील्ड्सला बॉक्सिंगमध्ये आजवर एकदाच कुणीतरी हरवलं आहे, २०१२ च्या हौशी जागतिक स्पर्धेत. कोणी? हीच.

हो, व्यावसायिक लढतीत शील्ड्सने उट्टं काढलं, २०२२ ला लंडनमध्ये. ते मीच सांगते, नाहीतर कांदेपोहे येतीलच.

कायदेपंडित_कांदेपोहे

येणारच होतो.

ट्रेंटकाठचा_पांडू

मिनू, बिनतोड. आणि कॅनेलो निघालाच आहे तर: फील्डिंग, कॅलम स्मिथ, सॉन्डर्स, रायडर. चौघे ब्रिटिश, चौघांनाही १६८ ला त्याने धुतलं. त्यात कॅलमबद्दल वाईट वाटतं. लिव्हरपूलचे चार भाऊ, चौघेही बॉक्सर, हा सर्वांत धाकटा आणि सर्वांत उंच. २०१८ मध्ये जेद्दाहला ग्रोव्हजला सातव्या फेरीत झोपवलं आणि दोन वर्षांत कॅनेलोने त्याच्या दंडाचा स्नायू फाडून परत पाठवला.

चिंचेचं_बोटूक

ग्रोव्हज म्हणजे तोच ना, वेंब्लीवाला? ऐंशी हजार?

ट्रेंटकाठचा_पांडू

ऐंशी हजार. फ्रॉचला भूक लागली की नाही विचारलं तरी तो आधी ऐंशी हजार म्हणतो. ३१ मे २०१४, आठवी फेरी, उजवा हात. पण न्यायाने बोलायचं तर मँचेस्टरच्या पहिल्या लढतीत ग्रोव्हजने त्याला पहिल्याच फेरीत पाडलं होतं आणि नवव्यात रेफ्रीने घाईने थांबवलं तेव्हा तिन्ही पंचांच्या तक्त्यावर ग्रोव्हज पुढे होता. त्यानंतर पट्ट्यासाठी चौथ्या प्रयत्नात, २०१७ ला शेफिल्डमध्ये, जिंकला एकदाचा. पाचवा क्रमांक त्याला द्या, कुरकुर नाही.

वरळीचा_वारा

वहिनींच्या शब्दाखातर काल रात्री कॅल्झागी-केसलर पुन्हा पाहिली, आवाज बंद करून, वहीत गुण मांडत. माझेही ११६-११२ आले, कॅल्झागीकडे. दोघे ऐन भरात समोर आले असते तर त्याने फ्रॉचला हरवलं असतं, हे कबूल करतो. फ्रॉचचं डोकं हलतं नव्हतं आणि कॅल्झागीचे हात थांबत नव्हते.

तरी पहिला क्रमांक फ्रॉचला. कोण जिंकलं असतं हा एक प्रश्न, कोण कुणाकुणाला भिडलं हा दुसरा. मी दुसऱ्याचं उत्तर देतोय. मार्शलला तिसऱ्यावर घेतलं आहे, मिनूच्या भीतीने नव्हे.

आणि @खासबाग_कट्टा, एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे निकाली कुस्तीलाच मान ना? गुणांवर जिंकलेल्याला फेटा कोण बांधतं? कॅल्झागीचे चार सर्वांत मोठे विजय घ्या: लेसी, केसलर, हॉपकिन्स, जोन्स. चारही गुणांवर. एकही चितपट नाही. फ्रॉचचे घ्या: टेलर, बुते, ग्रोव्हज दोनदा. चारही निकाली.

चिंचेचं_बोटूक

@खासबाग_कट्टा, आहात का?

चिंचेचं_बोटूक

हॅलो?

खासबाग_कट्टा

हाय, हाय. रानात पाणी पाजाय गेल्तो.

निकालीचंच बघायचं म्हणता तर बघू. बेन: ४२ विजय, ३५ निकाली. माझं मत खडूस काकांना.

खडूस_काका

स्वागत आहे. आता दोन झालो.